शकूचे मागे बांधलेले हात

शकू, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले, आणि मी अजून तुझ्यावर जळते आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण चांगलं बोलायला तेराव्याला तुझ्या पंचकुल्याच्या घरी एवढी रीघ लागली होती, की त्या कामाला माझी काही गरज उरलेली नाही. तेव्हा मी आपलं माझं बोलते.

सतरंज्या पुरेनात म्हणून सुभेदारसाहेबांनी शेजारच्या गुरुद्वाऱ्यातून आणखी आणवल्या. (तुझ्या नवऱ्याला मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली नाही, आता तरी काय मारणार.) आपल्या शाळेची मुलं आली होती. मुलं कसली, दाढीमिशांवाले झालेत. चंडीमंदिरच्या छावणीतून एक कॅप्टन वर्दीतच आला होता, आणि शेजारच्याला बाहीचं बटण दाखवून हळू आवाजात सांगत होता की हे माझं मी लावलंय, मैमनी शिकवलेलं. त्याच्यापलीकडे बसलेली मुलगी तेच सांगत होती. दारातला उंच सरदार तेच. मी त्या सगळ्यांना गणित शिकवलं आहे, शकू. हा कॅप्टन तर आठवीत माझ्या हातून दोनदा नापास होता होता वाचला. तो वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आप शकुंतला मैम की बहन हैं ना?"

मी हो म्हटलं. काय करणार? कुणाच्या तेराव्याला कुणी उठून सांगतं का, की या बाईंनी मला लसावि काढायला शिकवला म्हणून?

तू यायच्या आधी त्या शाळेत मराठी म्हणजे मी होते. मिस्टर विद्यापीठात, म्हणून मी चंडीगडात, आणि मुलं मला 'मराठी मैम' म्हणायची. पंजाबी बायकांनी भरलेल्या स्टाफरूममध्ये एक डबा असा असायचा ज्यात दाण्याचं कूट घातलेली भाजी असायची, आणि तो माझा असायचा. मग नव्वदीच्या सुरुवातीला एका उन्हाळ्यात सुभेदारसाहेबांची बदली झाली आणि तू आलीस, शिवणाची बाई म्हणून. मला इतका आनंद झाला होता. सांगली सोडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी आपलं भेटलं म्हणून मी पहिल्याच दिवशी तुला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या. तू म्हणालीस अमरावतीची, आणि लगेच म्हणालीस, "मले 'तुम्ही' नको म्हणू वं, सासूबाई आल्यासारखं वाटते." स्टाफरूम हसली. कुणाला एक अक्षर कळलेलं नव्हतं तरी हसली. महिन्याभरात 'मराठी मैम' तू झालीस. मी झाले 'मॅथ्सवाली'.

तुझी खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. सहा हातमशिनं, एक लांब टेबल आणि मांजरपाटाचा एक तागा. आधीच्या बाई मुलींना रुमालावर गुलाब काढायला शिकवायच्या आणि मुलांना मैदानात सोडायच्या. तू आल्या आल्या गुलाब बंद केले आणि मुलांना आत घेतलंस. बटण लावणं, सुटलेली शिलाई घालणं, फाटका खिसा बंद करणं, पँटची उंची वाढवणं, बस. घरात जे रोज तुटतं-फाटतं तेवढंच. एका मुलाचे वडील प्रिन्सिपलकडे येऊन म्हणाले, "मुंडे नू दर्जी बणाउणा है?" म्हणजे पोराला शिंपी करायचंय का. तू त्यांना शांतपणे विचारलंस की तुमच्या पगडीचे दोन पाट, म्हणजे कापडाचे दोन पट्टे, कुणी जोडले. ते म्हणाले, बायकोने. तू म्हणालीस, आणि ती माहेरी गेली की? त्या मुलाने वर्षअखेरीला आजोबांच्या पगडीचे दोन पाट लांबीभर हातशिलाईने जोडले, आणि आजोबा ती पगडी बांधून तुला दाखवायला शाळेत आले. तुझ्याबरोबर अर्धा तास बसले. मी वर्गाबाहेरून दोन चकरा मारल्या, उगाच.

पण मला खरी झोंबायची ती तुझी ती सवय. मुलाला एकदा दाखवून झालं की तू दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवायचीस आणि तशीच उभी राहायचीस. पोराचा दोरा गुंतो, गाठ बसो, सुई बोटात जावो, तुझे हात काही पुढे यायचे नाहीत. टाका वाकडा गेला की तू फक्त म्हणायचीस, "उसव. परत घाल." रागावून नाही, लाडाने नाही, पाणी दे म्हणावं तसं. एकदा मी विचारलं की पटकन काढून का देत नाहीस गुंता, पाच मिनिटं वाया जातात. तू म्हणालीस, "माझे हात पुढे आले तर ते त्याचं बटण नाही राहात ना बाप्पा, माझं होते." आणि वर मला म्हणालीस, "तू काहून पोट्ट्यांच्या हातचा खडू हिसकते?"

हिसकायचे मी. फळ्यावर मूल अडलं की मला धीर निघत नसे. खडू घेऊन मीच गणित सोडवायचे, आणि मूल बाजूला उभं राहून चपला बघायचं. तू म्हणालीस ते इतकं खरं होतं की मी तुझ्याशी तीन दिवस बोलले नाही. तुला ते कळलंसुद्धा नाही, कारण तू त्या तीन दिवसांत मला रोज डब्यातली शेवभाजी वाढत होतीस आणि मी खात होते.

आणि मग मीनू.

माझी लेक चंडीगडात जन्मली, चंडीगडात वाढली. मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता. मी चिडले, समजावलं, आमिषं दाखवली, सांगलीला आजीकडे महिनाभर ठेवली. काही नाही. "आई, आता है मुझे, बोलना क्यों है?" ती चौथीत तुझ्या वर्गात आली आणि दोन-तीन महिन्यांत एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, तू काहून चिडून राहिली?" मी पोळी तव्यावर विसरले. माझ्या मुलीच्या तोंडून मराठी आली, आणि ती तुझी आली. माझी आई फोनवर म्हणाली, हे काय शिकवलंस गं पोरीला. मी म्हटलं, शाळेत शिकली.

ती शाळा सुटली की तुझ्या खोलीत जायची. मी वह्या तपासत स्टाफरूममध्ये बसायचे आणि ती व्हरांड्याच्या टोकाला तुझ्याशी बोलत बसायची. काय बोलायचात गं? मला घरी येऊन ती सांगायची, "कुछ नहीं." तुला मावशी म्हणायची. बरोबरच आहे, आईची मैत्रीण ती मावशी. पण मला त्या शब्दाचाही राग यायला लागला होता. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू हसली असतीस आणि तिला घरी पाठवली असतीस, आणि मग मला तुझ्यावर रागावायला काही कारणच उरलं नसतं.

सहावीच्या मुलांना तू थंडीच्या सुट्टीत एक गृहपाठ द्यायचीस. चंडीगडात कुणाला शाळा सोडून कितीही वर्षं झाली तरी तो आठवेल. मांजरपाटाचा एक तळहाताएवढा चौकोन आणि एक बटण. घरात ज्याला शिवता येत नाही अशा एका मोठ्या माणसाला मुलाने बटण लावायला शिकवायचं. अट एकच, मुलाने हात मागे ठेवायचे. धुकं सरून शाळा उघडली की मुलं ते चौकोन घेऊन यायची. कुणाच्या कर्नलसाहेब वडिलांचं, कुणाच्या दुकानवाल्या काकांचं, कुणाच्या आजोबांचं थरथरत्या हाताने लावलेलं. तू ते सुतळीत ओवून खोलीत खिडकीवर टांगायचीस आणि वर्ष संपलं की ट्रंकेत ठेवायचीस.

मीनूने मला निवडलं. बाबांनाही येत नव्हतं, तरी मला निवडलं. आज वाटतं, त्यात आनंद मानायला हवा होता.

तुला ठाऊक नव्हतं ते सांगते. आमच्या घरी मी हुशार मुलगी होते. बहिणी भरतकाम करायच्या आणि मला माडीवर अभ्यासाला बसवायचे. 'विजूला सुई नको, तिला पेन द्या' असं वडील म्हणायचे आणि मी ते चाळीस वर्षं मिरवलं. आता माझी अकरा वर्षांची पोर अंगणात उन्हात माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे, अगदी तुझ्यासारखी मान जराशी कलती करून, आणि मला म्हणाली, "उसव. परत घाल." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. बोटातून रक्त आलं. तिसऱ्यांदा तिने म्हटलं तेव्हा मी तो चौकोन भिरकावला आणि म्हटलं, हे फालतू धंदे शिकायची मला गरज नाही, तुझ्या मावशीला जाऊन सांग. तिने चौकोन उचलून झटकला आणि आत गेली. रडली नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बावीस सेक्टरच्या मार्केटात गेले. तिथल्या शिंप्याने, मास्टरजींनी, उभ्या उभ्या बटण लावून दिलं, खाली दोरा गुंडाळून, घट्ट. मी घरी येऊन मीनूला सांगितलं की तू खेळायला गेली होतीस तेव्हा बसून लावलं. तिने ते बटण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दप्तरात ठेवलं. शाळा उघडल्यावर तू तो चौकोन हातात घेतलास तेव्हा मी मुद्दाम तिथे होते. तू तो उलटा केलास, सुलटा केलास, बटणावर अंगठा फिरवलास. म्हणालीस, "छान." आणि ओवलास.

त्या 'छान'ने माझी कितीतरी वर्षं खाल्ली. तुला कळलं का नाही कळलं? कळलं असेल तर बोलत का नाहीस? आणि शिवणारणीला मास्टरचं बटण कळू नये, हे कसं होईल?

त्याच्या पुढच्या वर्षी कम्प्युटर आले. तुला ते दिवस आठवत असतील, सगळ्या गावाला कसली तरी घाई झाली होती. सतरा सेक्टरात काचेची दुकानं उघडत होती, मुलांना रेडीमेड जीन्स हव्या होत्या, आणि पालक सभेत एकच प्रश्न, कम्प्युटर कधी? कम्प्युटर आले, खोली हवी होती, तास हवे होते. वेळापत्रक मी करायचे. प्रिन्सिपलनी मला बोलावून सांगितलं की सहावी ते आठवी दोन तास काढा, कुठून काढायचे ते तुम्ही ठरवा. ग्रंथालयाचा तास होता, नीतिशिक्षणाचा होता. माझे गणिताचे आठ होते. सातातही माझं भागलं असतं, हे मला पहिल्या मिनिटाला माहीत होतं.

मी शिवण काढलं. तास काढले आणि खोलीही सुचवली. सभेत म्हटलं की रेडीमेडच्या जमान्यात सुईदोरा कोण विचारतो, मुलांना जगाच्या बरोबरीने न्यायला हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगलं बोलले मी त्या दिवशी.

तू मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आलीस. बाकीच्या उन्हात बसायला गेल्या होत्या. तू माझ्यासमोर खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "गणितातला एक देऊ शकली असती तू."

मी म्हटलं, गणित आणि बटण एकच आहे का?

"एक नाही. गणित अडलं तर पोट्टं तुझ्याकडे येईल. बटण तुटलं तर कोणाकडे जाईल? बायकोची वाट पाहीन म्हणून बसून राहील जन्मभर." मग म्हणालीस, "जाऊ दे. शिवणाचं नाही विचारत मी. खरं कारण सांग, विजू."

मी म्हटलं, सांगितलं ना, कम्प्युटर. घंटा झाली. मी वह्या उचलल्या आणि सातवी ब ला गेले. तू खुर्चीतच बसून होतीस. हा आपला वाद तिथेच राहिला, आणि तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. माणसाने निदान दुसऱ्यांदा तरी विचारावं. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी कदाचित सांगितलं असतं.

तुझी मशिनं स्टोअरमध्ये गेली. तुझ्या खोलीला पडदे लागले, थंड हवेचं यंत्र लागलं, दाराबाहेर चपला काढायच्या अशी पाटी लागली. देवळात जावं तशी मुलं आत जायची. आणि नवीन कम्प्युटरांवर धूळ बसू नये म्हणून कव्हरं हवीत, तर प्रिन्सिपलनी ती कुणाला सांगावीत? तुला. मला वाटलं आता तू नाही म्हणशील. मी वाट पाहत होते तू नाही म्हणायची, एकदा तरी चिडायची. तू स्टोअरमधलं एक मशिन बाहेर काढवलंस आणि मुलांकडून सगळी कव्हरं शिवून घेतलीस. ती शाळेत कितीतरी वर्षं वापरात होती. मी त्या खोलीवरून जाताना मान वळवायचे.

आणि शिवण काही बंद झालं नाही. मधल्या सुट्टीत, इथल्या भाषेत अद्धी छुट्टीत, तू व्हरांड्याच्या पायरीवर उन्हात बसायला लागलीस, मांडीवर मांजरपाट. ज्याला यायचं त्याने यावं. वेळापत्रकात होतं तेव्हा मुलांना यावं लागायचं. आता ती खेळ सोडून यायची. काढून मी काय मिळवलं, सांग? तुझ्याभोवतीचा घोळका दुप्पट झाला आणि त्यात पुढच्या रांगेत माझी मीनू बसलेली असायची.

एवढं सगळं असूनही तू माझी मैत्रीण होतीस, हे मला आता लिहिताना विचित्र वाटतं आहे. माझी आई सांगलीला आजारी पडली तेव्हा मी दीड महिना तिकडे होते. मीनूची दहावी होती. तू कुणाला न विचारता तिला पंचकुल्याला घेऊन गेलीस. रोज फोनवर तिचं काय चाललंय ते सांगायचीस, आणि आईला कसं आहे ते विचारायचीस, आणि मी रडले की ऐकत राहायचीस. आई गेल्यावर मी परत आले तर पोरीचं वजन वाढलेलं, गणिताचे सगळे पेपर सोडवून झालेले, आणि माझ्या सगळ्या साड्या फॉल लावून घडी घालून ठेवलेल्या. मी तुला 'थँक यू' म्हटलं. बँकेतल्या कारकुनाला म्हणतात तसं. तू म्हणालीस, "हाव, बस आता, चहा पी." त्या दिवशी मी तुझ्या गळ्यात पडायला हवं होतं. पडले नाही, कारण मीनू घरी यायला निघताना तुला बिलगून रडली होती आणि ते मी पाहिलं होतं.

बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात मी तुला तीनदा भेटले. तिसऱ्या वेळी ठरवून आले होते. रिक्षात वाक्यं जुळवत होते, पहिलं वाक्य अगदी पाठ केलं होतं. आत आले तर तुझी नर्स तुझा हात धरून उभी, आणि मला सांगते, मैमनी मला सहावीत शिकवलं, त्या वर्षी माझ्या बाबांनी पहिल्यांदा बटण लावलं. अर्थात. हॉस्पिटलातसुद्धा अर्थात. ती बाहेर गेली. मी तुझं पांघरूण सारखं केलं, ते आधीच सारखं होतं. माझं पाठ केलेलं वाक्य तोंडात आलं आणि तू माझ्याकडे बघत म्हणालीस, "विजू, तुझ्या स्वेटरचं बटण लोंबून राहिलं."

मी म्हटलं, हो, देते मास्टरजींना.

तू हसलीस. किती दिवसांनी हसलीस, डोळे मिटून, श्वास लागेपर्यंत. मला वाटलं आजारपणाचं हसू आहे. मी म्हटलं, झोप तू, उद्या येते. उद्या तू नव्हतीस.

तेराव्याला मीनू दिल्लीहून सकाळच्या गाडीने आली. गुडगावच्या कंपनीत मोठी नोकरी आहे तिला, कम्प्युटरवरच, हे मी तुला दरवेळी ऐकवायचे. माणसं गेल्यावर सुभेदारसाहेबांनी आम्हा दोघींना थांबवलं आणि तुझी ट्रंक समोर ठेवली. म्हणाले, हिने सांगून ठेवलंय, ही विजयाताईंकडे द्यायची. मला कळेना, मला का? मीनूला समजू शकते. मला का?

आम्ही ती घरी आणून उघडली. वर्षावर्षाची सुतळी. प्रत्येक चौकोनाखाली तुझ्या पेन्सिलीने लिहिलेलं, मुलाचं नाव, माणसाचं नातं, आणि एखादी ओळ. 'दादाजी. तीनदा उसवलं. जमलं.' 'पप्पा. रागावले, मग हसले.' 'चाची. डावखुरी आहे.' मीनूने तिचं वर्ष शोधून काढलं. त्या माळेत एका चौकोनावर बटणच नव्हतं. चार भोकं पडलेली होती, जुनी, जिथून दोरा काळजीपूर्वक उसवून काढला होता. बटण बाजूला सेफ्टी पिनेत अडकवलेलं. खाली लिहिलं होतं, 'मीनूची आई. विजूचं बाकी आहे.'

मी मीनूकडे पाहिलं. ती माझ्याकडे नाही, चौकोनाकडे बघत होती. म्हणाली, "आई, मैंने तो उसी दिन बता दिया था मावशी को. मास्टरजीवाला."

मी विचारलं, मग ती काय म्हणाली?

मीनूने तुझ्याच आवाजात सांगितलं. "आईले सांगजो नको. येईल ते एक दिवस."

म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघी जाणत होता. माझ्याच घरातलं माझं खोटं माझ्या पोरीने तुझ्याकडे नेऊन दिलं, आणि तू ते जपून ठेवलंस, आणि दोघींनी मिळून माझी वाट पाहिलीत. मला रडू यायच्या आधी काय आलं सांगू? मत्सर. तुमच्या दोघींत एक गुपित होतं आणि त्यात मी नव्हते, गुपित माझंच असून. मग रडले. बरीच रडले. मीनूला मी इतकी रडलेली माहीत नाही, ती घाबरून पाणी घेऊन आली.

आज सकाळी ऊन आल्यावर मी तिला अंगणात बोलावलं आणि तो चौकोन पुढे केला. म्हटलं, शिकव. ती म्हणाली, "अब?" मी म्हटलं, अब. ती चोवीस वर्षांची बाई समोर उभी राहिली आणि तिने नकळत हात पाठीमागे नेले. शकू, तुझे हात. मी त्यांच्याकडे बघत बसले तर म्हणाली, "इकडे बघ, सुईकडे." मराठीत म्हणाली. पहिल्यांदा बटण हललं, तिने ओढून दाखवलं आणि म्हटलं उसव. दुसऱ्यांदा मागे गुंता झाला. तिचे हात पुढे येतील असं मला वाटलं, मीच तिच्याकडे बघितलं, ती ढिम्म. तिसऱ्यांदा बसलं. मी पेन्सिल घेऊन तुझ्या ओळीखाली लिहिलं, 'तीनदा उसवलं,' मग खोडून 'दोनदा' केलं. गणिताची बाई आहे मी.

खरं कारण विचारलं होतंस ना, शकू. हे घे. माझी मुलगी तुझ्याकडे जायची, म्हणून मी शिवणाचा तास काढला. कम्प्युटर नव्हे, रेडीमेड नव्हे, जगाची बरोबरी नव्हे. तुला ते त्याच दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं, हे मला आज कळतंय. तू हात मागे बांधून उभी राहिलीस, आणि माझा गुंता मी सोडवीन म्हणून थांबलीस. फार थांबलीस. थोडे पुढे करायचे होतेस गं हात.

दुपारी स्वेटरचंही बटण मी लावलं. जरा वर बसलंय, त्यामुळे स्वेटर गळ्यापाशी वाकडा येतो. मीनू म्हणाली, उसव, परत घाल. मी म्हटलं, मुळीच नाही. मी तो असाच घालून हिंडणार आहे. उसवायला सांगायचं असेल, तर तू ये.